आठवा दगड

नकाशेमामांना उलटं लिहायची इतकी सवय झाली होती की सुलटं लिहिताना त्यांचा हात अडखळायचा. शिळाछापखान्यात बत्तीस वर्षं काढल्यावर असंच होतं. दगडावर अक्षर उलटं काढायचं, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं उमटतं. घरी सामानाची यादी करायला बसले की दोन शब्दांनंतर मामा उजवीकडून डावीकडे सरकू लागत. मग बहीण यादी ओढून घेत म्हणायची, "दादा, दे इकडे. आरसा घेऊन बसायला दुकानदार काही रिकामा नाही."

खरं तर ते मामा एकाच मुलाचे. पण गल्लीने त्यांना सार्वजनिक करून टाकलं होतं. शाळेच्या भिंतीवर टांगलेला देशाचा मोठा नकाशा ज्याच्या हातून निघतो तो माणूस आपल्याच गल्लीत, जोडे शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो, याचं पोरांना अप्रूप होतं.

बहीण धाकटी. घरात तिला बयो म्हणत. तिचा नवरा रेल्वेत होता. यार्डात डबे जोडताना दोन डब्यांच्या मध्ये सापडला. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. मामांनी दोघांना आपल्याकडे आणलं. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. कोणी टोचलं तर म्हणायचे, "बिऱ्हाड आयतं मिळालं, मग खटाटोप कशाला?" मुलगा हडकुळा, लांब पायांचा, एका जागी न ठरणारा. मामा त्याला टोळ म्हणत. टोळ मामांना अरेतुरे करी आणि मामांना ते आवडायचं.

छापखान्यात नकाशाचं काम असं चाले: जितके रंग तितके दगड. काळ्याचा दगड गावांच्या नावांसाठी, निळ्याचा नद्यांसाठी, तपकिरी डोंगरांसाठी, लाल आगगाडीच्या रुळांसाठी. आपला देश गुलाबी, शेजारचा हिरवा, पलीकडचा पिवळा. हे सात झाले. एकच कागद सातही दगडांखालून जायचा आणि प्रत्येक वेळी केसभरही न हलता त्याच जागी बसायला हवा. नाहीतर नदी डोंगरावर चढते. आठवा दगड मात्र लहानसा होता आणि त्यावर कुठलाच देश नव्हता. नुसत्या करड्या तिरप्या रेघा, एकीला एक खेटून. आपल्या आणि हिरव्या देशाच्या मध्ये एक दरी होती, भिंतीवरच्या नकाशात करंगळीएवढी. तिच्या पोटात कोळसा होता. ती कोणाची, हे मागच्या तहात ठरलं नव्हतं. वीस वर्षांनी बघू, असं म्हणून मोठी माणसं आपापल्या घरी गेली होती. तोवर दोन्ही देश तिथे परवान्याने कोळसा काढत, आणि नकाशात तिच्यावर आठव्या दगडाच्या रेघा पडत. खाली कोपऱ्यात खुणांच्या यादीत एक छोटी चौकट होती. चौकटीत तशाच रेघा, आणि शेजारी बारीक अक्षरांत: निकाल न लागलेला प्रदेश.

ती अक्षरं मामांनीच काढली होती. उलटी.

टोळ आठ वर्षांचा होता त्या साली जकातीचं भांडण सुरू झालं. आपल्या सरकारने गिरणीमालकांना खूश करायला हिरव्या देशाच्या कापडावर जकात बसवली. त्यांनी चिडून आपल्याकडे येणाऱ्या कोळशाच्या वाघिणींवर बसवली. आपण त्यांच्या काचेवर, त्यांनी आपल्या धान्यावर. दोन जावांनी एकमेकींची भांडी लपवावीत तसा प्रकार. लोक वर्तमानपत्रात वाचून हसत होते. मग त्यांनी छपाईच्या दगडावर बसवली. तो तुकतुकीत, पिवळसर दगड जगात चांगला म्हणून त्यांच्याच एका डोंगरातून निघत असे. त्याच आठवड्यात, शाळांच्या नव्या आवृत्तीची छपाई नुकतीच सुरू होत असताना, यंत्राखाली आठवा दगड फुटला. दात तुटावा तसा आवाज झाला.

दगड घासणारा धावत आला. तो काडीसारखा होता, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याने दोन तुकडे उचलून जुळवून पाहिले आणि म्हणाला, "गेला बिचारा. तसाही त्याचा कोणी धनी नव्हता."

मामा मालकांकडे गेले.

"नवा दगड?" मालक म्हणाले. "सहा महिने सीमेवर अडकून पडेल, आणि सुटेल तेव्हा माझी हाडं विकावी लागतील. पुढच्या सोमवारी नकाशे शिक्षणखात्यात पोचले नाहीत तर काम दुसऱ्याकडे जाईल. दारात टपूनच बसलेत ते."

"मग दरीचं काय करू?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही नकाशेमामा. मी काही पाहिलं नाही, मला काही माहीत नाही." आणि मालक खरंच दुसरीकडे पाहू लागले.

मामांपुढे तीन वाटा होत्या. पुढे कितीतरी वर्षं ते या तीन वाटा मनात मोजत राहिले. पहिली, दरी कोरी ठेवायची. पैलवान म्हणाला, "भोक ठेवू नका, मामा. पोरं बोट घालतील." दुसरी, त्या रेघा काळ्याच्या दगडावर हाताने काढायच्या, नावांमधून, रुळांमधून वाट काढत. ते होण्यासारखं होतं. मामांनी अंदाज बांधला: चार दिवस, सकाळपासून दिवा लागेपर्यंत, भिंग डोळ्याला लावून. डोळ्यांचं पाणी होईल, पण होईल. तिसरी वाट पैलवानानेच सुचवली. "आपला गुलाबीच पुढे सरकवा की. शाई ढीगभर उरलीय, वाळून चाललीय."

मामांनी गुलाबीच्या दगडावर कुंचल्याने दरी भरली. अर्धा तास लागला.

कच्चा छाप काढून त्यांनी खिडकीपाशी धरला. नकाशा बरा दिसत होता. फक्त खालच्या यादीत ती चौकट रिकामी राहिली होती. आत काही नाही आणि शेजारी 'निकाल न लागलेला प्रदेश'. ते डोळ्यांना खुपत होतं. दार सताड उघडं आणि घरात कोणी नाही, तसं. मामांना अर्धवट काम बघवत नसे. त्यांनी बारीक चाकू घेतला आणि काळ्याच्या दगडावरून चौकट खरवडली. मग अक्षरं खरवडली, एकेक करून. स्वतःच काढलेली, त्यामुळे पटापट निघाली. खालच्या दोन खुणा वर सरकवून नव्याने काढल्या आणि यादी नीटनेटकी केली.

दगड फुटला त्यात त्यांचा हात नव्हता. रंग भरला तो नाइलाजाने, असंही म्हणता आलं असतं. चौकट खरवडायला मात्र कोणीच सांगितलं नव्हतं.

त्या आवृत्तीतला पहिला चांगला कागद मामांनी घरी आणला. टोळच्या पलंगावरच्या भिंतीला ओल धरली होती, ती झाकायला तो चिकटवला.

देशभरच्या शाळांतून एकच पोस्टकार्ड आलं. कुठल्या तरी आडगावच्या मास्तरांचं. 'यंदाच्या नकाशात दरीवरच्या रेघा दिसत नाहीत. मुलांनी विचारल्यास काय सांगावे ते कृपया कळवावे.' मामांनी उत्तर लिहायला घेतलं: पुढील आवृत्तीत दुरुस्ती होईल. तेवढ्यात जेवायची सुट्टी झाली. मग कार्ड टीपकागदाखाली गेलं. त्यानंतर दोनच आठवड्यांनी शिक्षणखात्याचे साहेब स्वतः छापखान्यात आले. त्यांनी नकाशावर दरीच्या जागी बोट ठेवलं आणि म्हणाले, "याला म्हणतात हिंमत. इतकी वर्षं आम्ही सगळे कच खात होतो." मालकांनी मामांकडे पाहिलं, मामांनी छताकडे. पुढच्या वर्षीचं काम दुप्पट आलं. मामांना खिडकीजवळची उजेडाची जागा मिळाली. आता दुरुस्ती करायची म्हणजे साहेबांना जाऊन सांगायचं की ती हिंमत नव्हती, उरलेली शाई होती.

असं सांगायला कोण जातं?

वर्षं गेली. टोळ पलंगावर उताणा पडून पाठांतर करी. "आपल्या देशातील कोळशाचे सर्वांत मोठे क्षेत्र कोणते?" आणि पाय उचलून अंगठ्याने दरी दाखवी. बयो स्वयंपाकघरातून ओरडे, "पायाने काय दाखवतोस, मामाने काढलाय तो!" मामा हात धुवायला उठत. शाईचा डाग नसला तरी उठत.

टोळ एकोणीस वर्षांचा होईतो जकातीचं भांडण पुरतं नासलं होतं. हिरव्या देशाने दरीतून बाहेर पडणारा रूळच बंद केला. शहराच्या कडेला पोलादाचा कारखाना होता, निम्मी गल्ली तिथे कामाला. कोळसा नाही म्हणून एकेक भट्टी विझवत नेली. टोळ तिथे फिटरच्या हाताखाली लागून वर्षही झालं नव्हतं. त्याला घरी बसवलं. कारखान्याला मोठ्या बँकेने पैसे दिले होते, बँकेची माणसं सभागृहात बसत होती, आणि ती आता रोज भाषणं करत होती. पण चौकातल्या सभेला मामा गेले तेव्हा त्यांना भाषण नीटसं ऐकू आलंच नाही. वक्त्याच्या मागे त्यांचा नकाशा टांगला होता. वक्ता काठीने दरी ठोकत होता आणि लोक ओरडत होते. मामांना एवढंच दिसलं की या प्रतीत निळा दगड किंचित सरकलाय.

"सोमवारी नावं घेणार आहेत," घरी येताना टोळ म्हणाला. "मी देणार."

"आईला विचारलंस?"

"तुला सांगतोय ना."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. छापखाना बंद. मामा टोळला तिथे घेऊन गेले. जुन्या आवृत्तीचा एक कागद त्यांनी कपाटातून काढला आणि नव्याच्या शेजारी मेजावर पसरला.

टोळने दोन्ही पाहिले. "हा जुना. मग पुढे निकाल लागला?"

"निकाल नाही लागला. दगड फुटला."

मामांनी सगळं सांगितलं. जकात, पैलवान, चार दिवस, अर्धा तास, चाकू. पोस्टकार्डही. टोळ आधी हसला. हसता हसता मेजावर बसला. "म्हणजे शाई उरली म्हणून..." मग थांबला. "मामा, आमच्या वर्गातले एकतीस जण उद्या नावं देणार आहेत. सगळ्यांना आणतोस इथे?"

"आणीन."

"खरंच आणशील? आत्ता जाऊन बोलावू? सगळे गल्लीत पडीकच आहेत."

मामांच्या हातात छापखान्याची किल्ली होती. मालकांनी विश्वासाने दिलेली. त्यांनी ती या हातातून त्या हातात घेतली. 

"राहू दे," टोळ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच मामांना जास्त लागलं. "तू उगाच जीवाला लावून घेतोस. कोळसा आला तर भट्टी पेटेल. भट्टी पेटली तर मला काम. रेघा असोत की नसोत, कोळसा तिथेच आहे ना? मी काही तुझ्या नकाशासाठी चाललेलो नाही."

"मग कशासाठी?"

टोळची नजर गुलाबी कागदावर गेली. "ते आपलं आहे म्हणून," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याने कागद पालथा केला. "आईला हे सांगू नकोस. ती तुझ्याशी बोलायची थांबेल. मी नसताना घरात तिच्याशी बोलायला कोणीतरी हवं."

सोमवारी सकाळी बयोचं डोकं तापलेलं होतं. पाणी आलं नव्हतं, इंधन महाग झालं होतं, आणि टोळ बशीत बोट फिरवत बसला होता. ती म्हणाली, "कारखाना बंद होऊन तीन महिने झाले. घोड्यासारखा वाढलायस, आणि नुसता बसून खातोस." टोळ उठला, तिच्या पाठीवर एक थाप मारली आणि खाली उतरला. दुपारी तो नाव देऊन परत आला. बयोने हातातला डाव खाली ठेवला.  मामांना तिचा चेहरा दिसला, आणि तिने काय धरून ठेवलंय ते त्यांना त्याच क्षणी कळलं.

आदल्या दिवशीच ठरलं होतं, एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याला पुढे प्रश्न फुटले असते: कुठे ठरलं, तुला कसं माहीत, तू काय म्हणालास. मामा गप्प राहिले.

दरीसाठी सुरू झालेली लढाई दरीत राहिली नाही. हिरव्या देशाने पिवळ्याला शब्द दिला होता, आपण समुद्रापलीकडच्या एकाला. त्याची भीती वाटून आणखी कोणी तिसऱ्याशी गुपचूप करार करून ठेवला होता. एकाने सैन्य हलवलं म्हणून दुसऱ्याने, दुसरा आधी पोचेल म्हणून तिसऱ्याने. सहा आठवड्यांत मामांच्या नकाशात नसलेले देशही त्यात आले. ज्यांच्या बंदरांची नावं गल्लीतल्या कोणाला धड उच्चारता येत नव्हती अशा ठिकाणी माणसं मरू लागली. पुढे या युद्धाच्या कारणांवर जाडजूड पुस्तकं निघाली. मामांनी वाचनालयात बसून ती चाळली. कोळसा होता, जकात होती, बँका, गुप्त करार, आगगाड्या, सगळं होतं. शेवटच्या सूचीत त्यांनी 'नकाशे, शालेय' असं काही आहे का ते शोधलं. नव्हतं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. मग असं वाटल्याची लाज वाटली, आणि पुस्तक परत करताना त्यांनी ग्रंथपालाच्या नजरेला नजर दिली नाही.

पण ते नंतरचं. त्या हिवाळ्यात टोळची पत्रं घरी येत, बयोच्या नावाने, थंडी आणि मोज्यांबद्दल. एक पत्र मात्र छापखान्याच्या पत्त्यावर आलं.

'मामा, आम्ही दरीत आहोत. इथल्या शाळेत मुक्काम आहे. छप्पर अर्धं आहे, पण भिंतीवर नकाशा आहे, त्यांच्या लिपीतला. तुझी दरी त्यात अख्खी हिरवी. मी जवळ जाऊन पाहिलं. तू शिकवलंस तसं खालच्या कोपऱ्यात पाहिलं. खुणांच्या यादीत मध्येच एक मोकळी जागा आहे, चौकटीएवढी. त्यांचा मामा तुझ्याहून आळशी. त्याने खालच्या खुणा वर सरकवल्यासुद्धा नाहीत.'

मामांनी ते खिडकीजवळच्या उजेडात वाचलं. दूर कुठे तरी असाच छापखाना, असाच मालक दुसरीकडे पाहणारा, असाच एखादा हातात चाकू घेतलेला माणूस. तो तिथला, आपण इथले. क्षणभर त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. आपण एकटे नाही. त्या एका क्षणात त्यांना खरोखर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याबद्दल त्यांनी स्वतःला कधीच माफ केलं नाही. कारण पत्रानंतर अठराव्या दिवशी तार आली.

बयो रडली, लोक आले, लोक गेले. मग ती कामाला लागली. मामांच्या लक्षात यायला आठवडा गेला: ती बसून जेवत नव्हती. ओट्यापाशी उभी राहून, भिंतीकडे तोंड करून चार घास गिळायची. मामांनी विचारलं तर म्हणाली, "पाय अवघडतात बसून." शेजारच्या बाईने कसलं तेल आणून दिलं. बयोने ते घेतलं आणि फळीवर ठेवलं. एकदा दुपारी मामा लवकर घरी आले तर ती उभ्याने तांदूळ निवडत होती. स्वतःशीच पुटपुटत होती, "तीनच महिने तर झाले होते. तीन महिने काही फार नाहीत."

मामा जिन्यावरच थांबले आणि परत खाली उतरले. जोडे शिवणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसले. तो म्हणाला, "काय मामा, चावी विसरलात?"

"नाही," मामा म्हणाले.

असे त्रेचाळीस दिवस गेले. मामांनी ते मोजले, कारण दुसरं काही त्यांच्या हातून होत नव्हतं. घरी त्यांच्या पुढ्यात ताट यायचं आणि ते बसून जेवायचे. ती पाठीमागे उभी. चव्वेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घास खाली ठेवला.

"बयो, तो तुझ्या बोलण्याने गेला नाही."

तिने वळून पाहिलं नाही. "दादा, समजूत घालू नकोस."

"त्याचं रविवारीच ठरलं होतं. तू बोललीस सोमवारी. रविवारी मी त्याला छापखान्यात नेलं होतं."

आता ती वळली. मामांनी सांगायला सुरुवात केली. टोळला सांगितलं होतं त्याच क्रमाने, पण हे जड गेलं. टोळ मध्ये मध्ये हसला होता. बयो हसली नाही. पत्र त्यांनी खिशातून काढून ओट्यावर ठेवलं. तिने ते उभ्याने वाचलं. मोकळ्या जागेच्या ओळीपाशी ती थांबली, आणि पुन्हा वाचली.

"त्रेचाळीस दिवस," ती म्हणाली. "मला इथे असं उभं राहिलेलं पाहत होतास. जेवत होतास."

"हो."

"आणि त्या रेघांना किती दिवस लागले असते म्हणालास?"

"चार."

"चारच?" तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारभाव विचारावा तसा. "मग मला सांगायचंस ना. मी तिथे डबा आणून दिला असता. चार दिवस काय रे, दादा."

 मामांनी तिच्या ओरडण्याची तयारी केली होती, अबोल्याची केली होती. ताट फेकण्याचीही.

बयोने हात पुसले. "एकतीस जण म्हणाला होता ना तो?"

"हो."

"त्यातले किती?"

"सतरा. टोळ धरून."

"म्हणजे सोळा घरं राहिली," ती म्हणाली. "सोळाही घरांत कोणी ना कोणी असंच काहीतरी धरून बसलं असेल. कोणी मारलं असेल, कोणी पैसे नाकारले असतील, कोणी लग्नाला नाही म्हटलं असेल. उठ. जोडे घाल."

"आत्ता?"

"नाहीतर परत त्रेचाळीस मोजशील."

पहिलं घर गल्लीच्या टोकाला, कारखान्यातल्या भट्टीवाल्याचं. मामा एकटे वर गेले. बयो खाली थांबली. दार भट्टीवाल्यानेच उघडलं. त्याला वाटलं, मामा वर्गणी मागायला आलेत. मामांनी दारातच उभं राहून बोलायला सुरुवात केली. दगडापाशी चुकले, पुन्हा मागे गेले, जकातीपासून सुरू केलं. भट्टीवाला चौकटीला टेकून ऐकत होता. त्याच्या भुवया जळून गेलेल्या होत्या, त्यामुळे तो रागावलाय की नाही हे कळेना. सगळं ऐकून तो म्हणाला, "मामा, आमच्या पोराला नकाशातलं काय कळतंय? त्याला पूर्व-पश्चिम सांगता येत नव्हतं. गणवेश मिळतो आणि पगार मिळतो म्हणून गेला. मीच म्हणालो, जा."

"तुम्ही म्हणालात?"

"मीच." त्याने एकदा मागे, घरात पाहिलं. आवाज खाली आणला. "हे त्याच्या आईला माहीत नाही."

दोघे तसेच उभे राहिले. दाराच्या आत आणि दाराच्या बाहेर. मामांनी आणलेलं सगळं तिथे अचानक नकोसं ठरलं होतं, आणि ते कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. माफी नाही, शिवी नाही. भट्टीवाल्याने विचारलं, "पाणी घेता?" मामा नको म्हणाले. मग जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी खाली आले.

बयो फुटपाथच्या कडेला उभी होती, पदर घट्ट लपेटून. "काय म्हणाले?"

मामांनी सांगितलं. शब्द न गाळता सांगितलं. भट्टीवाला हळू आवाजात बोलला होता तेही.

तिने वरच्या खिडकीकडे एकदा पाहिलं. मग ती चालू लागली, मामांच्या एक पाऊल पुढे. "पुढचं घर कोणाचं?" तिने मान न वळवता विचारलं.